व्यवसायाचा रकाना

धर्माबादहून मुंबईला अर्ज पाठवायचा असेल तर तो जिनिव्हामार्गे पाठवावा. सरळ पाठवला तर नांदेडच्या पुढे जात नाही. हे कळायला व्यंकटला बावीस वर्षं लागली.

व्यंकट हा मिरची-हळद कामगार संघटनेचा सरचिटणीस. संघटनेचं ऑफिस नांदेडला जुन्या मोंढ्यात, टायरच्या दुकानावर आहे. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो मोर्चात गेला आणि मी इंग्रजीच्या प्राध्यापकीत. त्यामुळे आमची वाटणी सोपी झाली, घोषणा त्याच्या आणि व्याकरण माझं. संघटनेची इंग्रजी पत्रं मी लिहितो, तो सही करतो, आणि उत्तर आलं की दोघं मिळून वाचतो. उत्तर बहुतेक मराठीत असतं आणि एकच असतं: आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. बावीस वर्षांत संबंधित कार्यालय कुठलं, हे आम्हाला कळलेलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

मागणी अगदी साधी होती. धर्माबादकडे मिरचीचे देठ खुडणाऱ्या हजारो बाया आहेत, त्यांना कामगार म्हणा. एवढंच. सरकारच्या यादीत बिडीवाल्या होत्या, हमाल होते, वीटभट्टीवाले होते. देठ खुडणाऱ्या नव्हत्या. सरकारच्या मते मिरचीचा देठ आपोआप गळतो.

दोन वर्षांपूर्वी व्यंकट काठमांडूला एका आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या बैठकीला गेला. तिथं त्याने पाच मिनिटं भाषण केलं, पैकी चार मिनिटं माईक बंद होता. उरलेल्या मिनिटात कुणीतरी काहीतरी टिपून घेतलं. तो कागद जिनिव्हाला गेला. जिनिव्हाहून युरोपातल्या कुठल्याशा संसदेत गेला, कारण आपली मिरची तिकडच्या सॉसेजमध्ये पडते. तिथल्या एका खासदारबाईंनी प्रश्न विचारला. प्रश्नाची प्रत दिल्लीला आली, दिल्लीहून मुंबईला पत्र गेलं, आणि मुंबईने घाबरून तीन जणांची अभ्यास समिती नेमली. समितीने शिफारस केली तर देठ खुडणाऱ्या बाया यादीत जाणार होत्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्यंकटचा फोन आला.

"प्राध्यापक, बाई येऊन राहिली."

"कोण बाई?"

"आंतरराष्ट्रीय."

आंतरराष्ट्रीय बाई सकाळच्या गाडीने नांदेडला उतरली. पाठीला सॅक, पायात चपला, उंची मिरची खुडणाऱ्या आमच्या नागाबाईंएवढी, बेताची. नाव मारिसेल, राहणार मनिला. व्यंकटला गोरी बाई अपेक्षित होती. मारिसेल दिसायला आपल्याच किनवटकडची वाटत होती. तिच्यासाठी आणलेला हार त्याने क्षणभर मागे धरला, मग घातला.

मारिसेलचं काम लॉबिंग. म्हणजे काय, हे व्यंकटने तिला ऑफिसात बसल्याबसल्या विचारलं. मध्ये मी दुभाषा.

"म्हणजे तुम्ही मोर्चा काढत नाही?"

"काढतो," ती म्हणाली. "पण बाहेर मोर्चा चालू असताना आत कुणीतरी बसलेलं लागतं. आतल्या साहेबाला सांगायला, की हा आवाज कसला आहे. मी ती आतली."

"आत काय करता?"

"वाट पाहते. माझं निम्मं आयुष्य मंत्र्यांच्या बाहेरच्या खोलीत गेलं. चौदा देशांतल्या खुर्च्या मला माहीत आहेत."

"आमच्याकडच्या कशा वाटल्या?"

"अजून उभीच आहे," ती म्हणाली. तेव्हा व्यंकटच्या लक्षात आलं की तिला बसा म्हणायचं राहिलं.

तिच्या सॅकमध्ये एक यंत्र होतं, हातात मावेल एवढं. हवेत धूळ किती, ते सांगणारं. हवा बरी असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल, आणि फारच वाईट असली की टिटवीसारखं ओरडायचं. समितीला भाषण नको असतं, आकडा लागतो, असं ती म्हणाली. भाषण ऐकून माणसं डुलक्या काढतात. आकडा झोपेतसुद्धा टोचतो.

*

आता पारूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर होतं.

पारूबाई सोनकांबळे. वय त्यांच्या मते पन्नाशीच्या पुढंमागं. बत्तीस वर्षं मिरचीत. सकाळी शेडमध्ये जायचं, ढिगापुढं पोतं टाकून बसायचं, तोंडाला फडका बांधायचा, आणि दिवे लागायच्या आत जेवढे देठ खुडून होतील तेवढे खुडायचे. हात जळतात म्हणून कोपरापर्यंत तेल. घरी गेल्यावर नातवाला घ्यायचं तर आधी पुन्हा तेल, मग साबण, मग पुन्हा तेल, आणि तरी डोळ्याला हात लावायचा नाही. या सगळ्याची त्यांना सवय होती. सवय झाली नव्हती ती खोकल्याची. तो तीन वर्षांपूर्वी आला आणि गेलाच नाही.

दवाखान्यात केसपेपर काढताना विचारतात, काय करता? पारूबाई म्हणायच्या, मिरची खुडते. कारकून लिहायचा, गृहिणी. डॉक्टर तपासायचे, छातीचा फोटो बघायचे, मान हलवायचे. हा धंद्याचा आजार दिसतो, मोठ्या दवाखान्यात कामगारांसाठी सोय आहे, कार्ड आणा. कार्डासाठी जावं तर तिथं केसपेपर मागायचे. केसपेपरवर गृहिणी. आणि गृहिणीला धंदा नसतो, त्यामुळे धंद्याचा आजारही होत नाही. असा तो आजार तीन वर्षं नियमात बसत नव्हता आणि छातीत बसला होता.

"सर," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "बत्तीस वर्षं काम करून राहिले. कागद म्हनतो, घरी बसलेली हाय."

त्यामुळे समितीपुढं साक्ष द्यायला पारूबाई, हे ठरल्यासारखंच होतं. कार्यक्रमही ठरला. मंगळवारी समिती धर्माबादला शेड पाहणार, गुरुवारी लातूरला सुनावणी घेणार. मिरची धर्माबादची, समिती मुंबईची, मग सुनावणी लातूरला का, असं मारिसेलने विचारलं. अध्यक्ष चन्नबसप्पा अप्पांची सासुरवाडी लातूरशेजारी औशाला आहे, असं व्यंकटने सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. चौदा देशांच्या अनुभवावरून तिला ते कारण पुरेसं वाटलं.

रविवारी आम्ही शेडवर गेलो. व्यंकटने सगळ्या बायांना गोळा करून बजावलं.

"हे बघा, मंगळवारी समिती येऊन राहिली. जसं रोज असतं तसं ठेवायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

"काहीच न्हाई?" नागाबाईंनी विचारलं. नागाबाई वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि शेडमध्ये मालकाच्या खालोखाल त्यांचं चालायचं.

"काहीच नाही."

"मान्सं मुंबईहून येणार, आन् काहीच न्हाई?"

"नाही म्हणतो ना अक्का."

"चहा बी न्हाई?"

व्यंकट थांबला. मारिसेल काय चाललंय म्हणून माझ्याकडं बघत होती. उन्हाचा कहर होता आणि व्यंकट सकाळपासून उपाशी होता.

"चहा करा," तो म्हणाला. "फक्त चहा."

इथं चूक झाली. आपल्याकडं चहाला हो म्हटलं की पाहुणे आले, आणि पाहुणे आले म्हटलं की पुढचं सगळं आपोआप होतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण उन्हाचा कहर मलाही होता.

*

मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही शेडपाशी उतरलो तेव्हा आधी ओल्या मातीचा वास आला. व्यंकटचा चेहरा तिथंच पडला.

शेडसमोर सडा घातलेला होता. सड्यावर रांगोळी. रांगोळीत मोर, आणि मोराखाली अयोध्याने, म्हणजे नागाबाईंच्या सुनेने, 'सुस्वागतम' लिहिलेलं. आत फरशी धुतलेली. एरवी जिथं पाऊल टाकलं की लाल धुरळा घोट्यापर्यंत उडतो, तिथं स्वतःचं तोंड दिसत होतं. मिरचीचे ढीग ताडपत्रीखाली झाकलेले. खुडायला पुढं घेतलेल्या मिरचीवर पाणी शिंपडलेलं, म्हणजे उडायला नको. पंचेचाळीस बाया धुतलेल्या लुगड्यांत, साड्यांत, केसांना तेल लावून ओळीत बसलेल्या. तोंडाला एकीच्याही फडका नाही. पाहुण्यांपुढं तोंड बांधून बसतं का कोणी?

शेडचे मालक नरसिंग शेठ बाजूला टँकर घेऊन उभे होते. समिती येणार म्हणून शेड धुवायला त्यांनी टँकर सांगितला होता. तो तसाच भरलेला परत चालला होता. त्यांच्या तोंडावर, फुकट वरात निघालेल्या नवरदेवाचा भाव होता.

"मी काही केलं नाही बरं का," ते आम्हाला म्हणाले. त्या दिवशी शेडमध्ये बोललं गेलेलं हे बहुधा एकमेव खरं वाक्य.

समिती आली. तिघांपैकी दोघंच आले. अध्यक्ष चन्नबसप्पा अप्पा, माजी आमदार, पांढरे शुभ्र, थकलेले, गुडघे धरून चालणारे. आणि एक सचिव, ज्यांच्या हातात फाईल होती आणि फाईलमुळे ज्यांना चेहऱ्याची गरज नव्हती.

"वा," अप्पा आत येऊन म्हणाले. "गार वाटतंय."

मारिसेलने यंत्र काढलं. शेडच्या मध्यभागी धरलं. मग कोपऱ्यात धरलं. मग जमिनीजवळ. प्रत्येक ठिकाणी हिरवा दिवा लागला, आणि तो कधी नव्हे इतका हिरवा होता. सचिवांनी आकडा विचारला. तिने सांगितला. त्यांनी लिहिला. तो आकडा लातूरच्या चौकातल्यापेक्षा कमी होता, हे त्यांनी स्वतःहून नमूद केलं.

मग अप्पा पारूबाईंसमोर थांबले. पारूबाईंच्या गालात काहीतरी होतं. नंतर कळलं, ज्येष्ठमधाची काडी. पाहुण्यांसमोर खोकला यायला नको म्हणून सकाळपासून चघळत होत्या.

"काय मावशी, त्रास होतो का कामाचा?"

सगळी शेड त्यांच्याकडं बघायला लागली. बावीस वर्षं, काठमांडू, जिनिव्हा, युरोपातल्या खासदारबाई, सगळे तिथं येऊन उभे होते. पारूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या कृपेनं बरं हाय."

मारिसेलने माझ्याकडं पाहिलं. मी भाषांतर केलं. जसंच्या तसं केलं. त्यात मी दोन-चार शब्द इकडंतिकडं केले असते तरी सचिवांना इंग्रजी येत होतं.

चहा आला. सोबत भजी होती, तीही मिरचीची.

*

गाड्या गेल्यावर व्यंकट पोत्यावर बसला आणि बराच वेळ रांगोळीतल्या मोराकडं बघत राहिला.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "झाडून टाकली. वरून पाणी मारलं."

"मंग काय पाहुण्याला घाणीत बसवायचं व्हतं का?" नागाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्या आईनं बसवलं असतं का?"

"अक्का, घाण दाखवायलाच आणलं होतं त्यांना!"

"तसं सांगायचं व्हतं मंग. तुमी म्हनला चहा करा."

पारूबाईंचा ज्येष्ठमध संपला होता आणि सकाळपासूनचा दाबलेला खोकला आता सगळा एकदम येत होता. खांबाला धरून त्या वाकल्या होत्या. अयोध्या पाठ चोळत होती. मारिसेल यंत्र हातात धरून ते बघत होती. खोकला मोजायची सोय त्यात नव्हती.

मग तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांची असताना ती कोळंबी सोलायच्या कारखान्यात होती. दिवसभर हात बर्फाच्या पाण्यात. नखं कुजायची, काळी पडायची. एकदा जिनिव्हाहून पाहणी करायला माणसं आली. आदल्या दिवशी सगळ्या मुलींनी मिळून नेलपॉलिशची एक बाटली आणली.

"लाल," ती म्हणाली. "अहवालात लिहिलं होतं, कामगार मुली आनंदी आणि नीटनेटक्या आहेत. मी तो अहवाल अजून जपून ठेवलाय. मीटिंगला जायच्या आधी वाचते."

मी ते बायांना मराठीत सांगितलं. नागाबाईंनी मारिसेलचे दोन्ही हात धरून नखं बघितली. मग तिच्या कानशिलावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. तिला ते काय, हे समजावून सांगायला मला इंग्रजीत शब्द सापडला नाही.

*

गुरुवारी भाड्याच्या जीपने आम्ही लातूरला निघालो. पुढं व्यंकट, मागं मारिसेल, पारूबाई आणि मी. पारूबाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. हातात रोजची कापडी पिशवी, तिच्यात डबा. व्यंकटने त्यांना वाटेत तीन वेळा सांगितलं, खरं बोला. त्यांनी तीन वेळा हाव म्हटलं. मंगळवारच्या आधीही म्हटलं होतं.

अहमदपूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. धुळीने पारूबाईंना उबळ आली. त्यांनी सवयीने पिशवीत हात घातला, कामावरचा फडका काढला आणि नाकाला लावला.

मारिसेलच्या मांडीवरच्या सॅकमध्ये टिटवी ओरडली.

ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली. मारिसेलने यंत्र बाहेर काढलं. दिवा लाल. खिडकीबाहेर धरलं तर आवाज कमी. पारूबाईंच्या फडक्याजवळ नेलं तर ते असं बोंबलायला लागलं की रस्त्यावरचे मजूर बघायला लागले.

"प्राध्यापक!" व्यंकट वळून ओरडला. बावीस वर्षांत मी त्याला एवढा तरुण पाहिला नव्हता. "हा फडका दाखवायचा. समितीपुढं ठेवायचा टेबलावर!"

पारूबाईंनी फडका मुठीत घेतला आणि पिशवीत खाली, डब्याच्या खाली सारला.

"न्हाई."

"अहो पारूबाई—"

"तोंडाचा फडका हाय त्यो माझा. थुंकी लागती, शेंबूड लागतो. चार मान्सांम्होरं काढायची वस्तू हाय का? उद्या म्हनाल, पोलकं काढून दाखवा."

व्यंकट पुढं वळून बसला. चाकूर आल्यावर मारिसेलने हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिने मान डोलावली, आणि यंत्र बंद करायला विसरली.

*

सुनावणी औसा रोडवरच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये होती. हॉल एसी होता, म्हणजे खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं होतं. वर 'सुस्वागतम' इथंही होतं, पण रेक्झिनचं, आधीच्या लग्नातलं. अप्पा मध्ये, सचिव उजवीकडं, डावीकडची खुर्ची तिसऱ्या सदस्यासाठी राखीव. कडेला पुनम नावाची टंकलेखिका, लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन.

सचिवांनी मंगळवारच्या पाहणीची टिप्पणी वाचली. त्यात 'स्वच्छ', 'प्रसन्न' आणि 'हवेशीर' हे शब्द होते. मग मारिसेल बोलली. चार देशांतले कायदे तिने सांगितले, कुठं मसाला कामगारांना यादीत घेतल्यावर काय झालं ते सांगितलं, महासंघ हा प्रश्न जूनमध्ये जिनिव्हाच्या परिषदेत मांडणार आहे आणि तिथं आपल्या सरकारचे प्रतिनिधीही समोर बसलेले असतील, हे नम्रपणे सांगितलं. अप्पांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "आमचं लातूर कसं वाटलं?"

"साक्षीदार," सचिव म्हणाले.

पारूबाई पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर.

"पूर्ण नाव?" पुनमने विचारलं.

"पारूबाई ग्यानोबा सोनकांबळे."

"वय?"

"लिवा पंचावन्न."

"व्यवसाय?"

पारूबाईंनी तोंड उघडलं. पण मंगळवारपासून सचिवांना घाई होती.

"गृहिणी टाका," ते म्हणाले. पुनमने टाकलं. टकटक ऐकू आली.

"काय लिवलं?" पारूबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी, तो नुसता रकाना आहे. काहीतरी भरावं लागतं. तुम्ही सांगा, काम घरच्यासारखंच आहे ना? बसून करायचं. सावलीत. आम्ही पाहिलंय परवा."

पारूबाईंनी पदर सारखा केला. मला वाटलं, आता येणार, तुमच्या कृपेनं. व्यंकटने डोळे मिटून घेतले होते.

त्यांनी पिशवीतून आधी डबा काढला, खाली ठेवला. मग फडका काढला. मूळचा रंग कुठला ते कळत नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "कामावरून आले की ह्यो फडका मी दाराभाईर झटकते. बत्तीस वर्षं. घरात न्हाई झटकत, लेकरं हायत. तुमी म्हनता काम घरचंच हाय. मंग घरच्यावानीच झटकते."

आणि त्या उठल्या, फडक्याची दोन टोकं धरली, आणि जसा उंबऱ्याबाहेर झटकतात तसा दोनदा झटकला. फाट. फाट.

पहिल्या दोन सेकंदांत काही झालं नाही. मग एसीने आपलं काम केलं. हवा सगळीकडं सारखी पोचवली. आधी सचिव शिंकले. मग अप्पांना ठसका लागला. मग शिपाई, मग वार्ताहर म्हणून आलेला एक जण, मग मी. माझ्या घशात कुणीतरी तापलेली सुई ओढत होतं. मारिसेलच्या सॅकमध्ये टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. "खिडकी उघडा!" असं सचिव म्हणत होते, पण खिडक्या प्लायवूडच्या होत्या. दोन मिनिटांत हॉल रिकामा झाला.

दारातून मी मागं पाहिलं. पारूबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या होत्या, फडक्याची घडी घालत. फक्त त्याच खोकत नव्हत्या. आणि पुनम बसली होती, ओढणी नाकाला लावून, डोळ्यांतून धारा. फाईल सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही, असं तिला बजावलेलं असावं.

"ताई," ती पारूबाईंना म्हणाली, "काय लिहू म्हणालात?"

"मिरची कामगार."

तिने खोडलं, लिहिलं, आणि प्रिंटर चालू केला.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तांब्याने डोळे धूत होते. पारूबाई बाहेर आल्या तशी त्यांनी मान वर केली. डोळे लाल, मिशी ओली.

"मावशी, रोज असंच असतं?"

"न्हाई साहेब," पारूबाई म्हणाल्या. आता खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, कृपेचाही विषय नव्हता. "ह्यो कालच धुतला व्हता. तुमच्याकडं यायचं म्हनून."

अप्पांनी मिशी पुसली. तांब्या त्यांनी पारूबाईंकडं केला. त्या उभ्यानेच पाणी प्यायल्या.

मारिसेल सचिवांच्या मागं यंत्र घेऊन फिरत होती. आकडा नोंदवा म्हणत होती. सचिवांनी रुमालातून सांगितलं की आकडा आला तेव्हा अध्यक्ष सभागृहात नव्हते, त्यामुळे तो सुनावणीत आला असं म्हणता येत नाही. सुनावणी तांत्रिक कारणाने तहकूब झाली होती.

*

जूनमध्ये मारिसेलचा मेल आला. जिनिव्हाच्या परिषदेत तिला तीन मिनिटं मिळाली, माईक चालू होता. परिषदेच्या अहवालात परिच्छेद एकशे चाळीसमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या एका कामगार महिलेचा उल्लेख आहे, नावाशिवाय. आमच्या सरकारचे प्रतिनिधी तेव्हा जेवायला गेले होते. पण त्यांची प्लेट येईपर्यंत तिने त्यांना तिथंच गाठलं, आणि त्यांनी लक्ष घालतो असं म्हटलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो आमच्या शेडचा आहे. रांगोळीतला मोर छान आलाय.

दिवाळीनंतर समितीचा अहवाल आला. धर्माबादच्या शेडमधली परिस्थिती समाधानकारक आढळली, तथापि विषय अधिक अभ्यासाचा आहे, म्हणून दुसरी समिती नेमावी. याशिवाय एक ठोस शिफारस होती, आणि ती ताबडतोब मंजूरही झाली. लातूरच्या त्या हॉलला दोन एक्झॉस्ट फॅन बसवावेत. शेवटच्या पानावर अध्यक्षांनी हाताने एक ओळ लिहिली होती: यादीत घ्यावे असे माझे व्यक्तिगत मत आहे. खाली सचिवांची टीप होती, व्यक्तिगत मत अहवालाचा भाग नाही.

पुनमने काढलेल्या त्या कागदाची झेरॉक्स पारूबाईंनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली. तो घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. मी सोबत होतो. आता तिथं कॉम्प्युटर आलाय. कारकुनाने कागद दोनदा वाचला. वाईट माणूस नव्हता. त्याने व्यवसायाचा रकाना उघडून आम्हाला दाखवला. विद्यार्थी होता, शेतकरी होता, नोकरदार होता, गृहिणी होती. मिरची कामगार नव्हता. लिहायची सोय नव्हती, निवडायचीच होती. बराच वेळ विचार करून त्याने 'इतर' वर बोट ठेवलं.

"चालेल का?" त्याने विचारलं.

"कार्ड मिळंल का ह्याच्यावर?"

"ते नाही सांगता येणार. पण गृहिणी नाही राहिली आता."

पारूबाईंनी पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "सर, आता मी इतर हाय."

बावीस वर्षांत एवढी प्रगती झाली. व्यंकटने ती संघटनेच्या वार्षिक अहवालात घेतली.

गेल्या रविवारी तो पुन्हा शेडवर गेला. दुसरी समिती जानेवारीत येणार आहे, मारिसेलही येणार आहे. त्याने पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. झाडायचं नाही, धुवायचं नाही, सडा नाही, रांगोळी नाही, भजी नाही. चहासुद्धा नाही. बायांनी प्रत्येक गोष्टीला हाव म्हटलं. नागाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, पण त्याही हाव म्हणाल्या.

"समदं तसंच ठिवते दादा," पारूबाई म्हणाल्या. फडक्याच्या आतून आवाज बसका येत होता. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पर ती बाई एवढ्या लांबून येनार. तिला बसायला तरी एक पोतं धुऊन ठिवू का?"

ढिगावरून लाल धुरळा उडत होता. व्यंकटने माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं.

"एकच," तो म्हणाला.